पत्र्याला घाम का फुटतो?

होस्टेलच्या टॉप फ्लोअरवर रूम मिळालेल्यांना हीट ट्रान्सफर हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता पंखा पाचवर ठेवला तरी वरून गरम हवाच येते आणि डिसेंबरच्या पहाटे तीच रूम थंडगार पडते. ग्राउंड फ्लोअरवाले मात्र दोन्ही सीझन आरामात काढतात. यात वॉर्डनचा दोष नाही, दोष छपराचा आहे. घराच्या सगळ्या बाजूंमध्ये सर्वांत जास्त ऊन खाणारी आणि रात्री सर्वांत जास्त आकाशाकडे तोंड करून बसणारी बाजू म्हणजे छप्पर. तरीही घर बांधताना आपण भिंतीच्या रंगावर महिनाभर चर्चा करतो आणि छपराचा विषय ‘गळणार नाही ना?’ एवढ्या एका प्रश्नात संपवतो.

हा लेख लिहायचं कारण घरगुती आहे. माझं गाव गगनबावडा तालुक्यात. कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर, घाटमाथ्यावर. पुढे करूळ किंवा भुईबावडा घाट उतरला की कोकण. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या पाचपट. त्यामुळे छप्पर हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय! काही वर्षांपूर्वी आमच्या घरावरची मंगलोरी कौलं उतरवून लोखंडी स्क्वेअर पाईपवर पत्रा घातला. कारणं सगळ्यांचीच असतात तीच. वानरं कौलं फोडतात, दरवर्षी मे महिन्यात घर शेकारायला माणूस मिळत नाही, आणि वासे किडत चालले होते. आता घरात प्रश्न असा आहे की माजघरावरचा जुना लाकडी माळा काढायचा की ठेवायचा. फळ्या जुन्या आणि चांगल्या आहेत, गिऱ्हाईकही आलेलं आहे. वडिलांचं म्हणणं, पत्रा वर उंच गेलाय, मग माळ्याचं काम काय? आजीचं म्हणणं, “माळा काढशीला तर मी गोठ्यात झोपीन, पर त्या पत्र्याखाली न्हाई.” दोघांपैकी कोण बरोबर, हे भांडण न करता गणिताने सोडवता येतं. तेच इथे करू.

थोडी उजळणी

उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. वाटेत जेवढा अडथळा जास्त तेवढी ती कमी जाते. हे नियमात बांधलं फ्रेंच गणितज्ञ फूरिए याने. त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ साली आला. थराची जाडी मीटरमध्ये घ्या, तिला पदार्थाच्या वाहकतेने भागा, की मिळाला त्या थराचा अडथळा, म्हणजे आर-व्हॅल्यू. सगळ्या थरांचे अडथळे सिरीजमधल्या रेझिस्टन्ससारखे बेरजेत घ्यायचे. त्यात आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या पातळ थराचाही अडथळा मिळवायचा. वर जाणाऱ्या उष्णतेसाठी आत ०.१० आणि बाहेर ०.०४ धरतात. एकूण बेरजेचा व्यस्त म्हणजे यू-व्हॅल्यू. एक चौरस मीटर छपरातून, दोन्हीकडे एक अंशाचा फरक असताना, किती वॅट जातात ते ही संख्या सांगते. जेवढी लहान तेवढं बरं.

वाहकतेचे ढोबळ आकडे लक्षात ठेवा. पोलाद ५०, काँक्रीट १.६, भाजलेलं कौल आणि सुकी माती ०.७ च्या आसपास, लाकूड ०.१४, रॉकवूल आणि थर्मोकोल ०.०४ च्या आसपास, आणि स्थिर हवा ०.०२६. इन्सुलेशन म्हणून जे जे विकतात त्यात खरं काम ही अडकून पडलेली हवाच करते. लोकरीचं घोंगडं, पिंजाराचा ढीग आणि थर्मोकोलचा तुकडा, तिघांचं तत्त्व एकच.

आता हिशोब मांडू.

- नुसता पत्रा: पत्र्याचा स्वतःचा अडथळा जवळपास शून्य. उरतात हवेचे दोन थर, ०.१४. यू-व्हॅल्यू ७.१.
- नुसतं मंगलोरी कौल: १५ मि.मी. मातीने ०.०२ ची भर पडते. यू-व्हॅल्यू ६.२.
- होस्टेलचा १२० मि.मी. आरसीसी स्लॅब: ४.६.
- तोच स्लॅब, वर १०० मि.मी. ब्रिकबॅट कोबा: २.९ च्या आसपास.
- कौल किंवा पत्रा, आणि खाली माळा (२५ मि.मी. फळी, वर ५० मि.मी. मातीचा लेप): १.६ ते २.२. माळ्यावर वारा किती खेळतो त्यावर अवलंबून.
- तोच माळा, वर १५० मि.मी. सुक्या पिंजाराचा थर: ०.३३ च्या आसपास.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, कौल आणि पत्रा यांच्यात उष्णता अडवण्याच्या बाबतीत आपण समजतो तेवढा फरक नाही. ‘कौलारू घर गार’ असं आपण म्हणतो, त्यात कौलापेक्षा कौलाच्या फटींतून खेळणाऱ्या हवेचा, ओल धरून सावकाश सोडणाऱ्या भाजक्या मातीचा आणि खालच्या माळ्याचा वाटा मोठा आहे. दुसरी, आपल्याकडे घरांसाठी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या इको निवास संहितेने छपराच्या यू-व्हॅल्यूला १.२ ची मर्यादा घातली. म्हणजे आपला स्लॅब चौपट बाहेर, आणि पिंजार भरलेला आमच्या पणजोबांचा माळा आरामात पास! संहिता वाचून त्यांनी तो बांधला नव्हता, पण पेपर सोडवला होता बरोबर.

माळा आणि माणसं

थंडीतली एक रात्र घ्या. आत १८ अंश, बाहेर १२. फरक सहाचा. खोली दहा बाय बारा फूट, म्हणजे ११ चौरस मीटर. नुसत्या पत्र्यातून सुमारे ४७० वॅट निघून जातात. माळा असेल तर ११० ते १४५ वॅट, आणि माळ्यावर पिंजार असेल तर जेमतेम २२ वॅट.

हे आकडे माणसांशी ताडून बघा. झोपलेला माणूस साधारण ७५ वॅट उष्णता देतो. खोलीत चार माणसं झोपली की ३०० वॅटची फुकटची शेगडी. पत्र्याखाली ही शेगडी पुरत नाही. माळ्याखाली छपराची गळती भागवून भिंती आणि फटींसाठीही काही उरतं. आमच्या घरात सोप्यावर माळा नाही, माजघरावर आहे. भिंती त्याच, पत्रा तोच, माणसंही तीच. तरी पहाटे सोप्यातली माणसं पाय पोटात घेऊन झोपलेली असतात आणि आजी माजघरात एका घोंगड्यावर भागवते. तिला यू-व्हॅल्यू माहीत नाही, पण तिचं निरीक्षण गणिताशी जुळतं.

उन्हाळ्यातली उलटी गंगा

उन्हाळ्यात उष्णता वरून खाली येते आणि तिथे खेळ बदलतो. जुन्या, गंजत आलेल्या पत्र्यावर दुपारी ९०० वॅट प्रति चौरस मीटर ऊन पडलं आणि त्यातलं ६० टक्के त्याने शोषलं, तर हवा ३३ अंश असताना पत्रा ६० च्या घरात जातो. गरम हवा वरच राहते, त्यामुळे हवेतून उष्णता खाली फारशी येत नाही. ती येते किरणांच्या रूपाने, शेगडीसमोर बसल्यावर तोंडाला लागते तशी. ६० अंशाचा पत्रा ३५ अंशाच्या पृष्ठभागाकडे चौरस मीटरला सुमारे १५० वॅट फेकतो. दहा बाय बाराच्या खोलीत ही बेरीज दीड किलोवॅटच्या वर जाते. म्हणजे भर उन्हाळ्यात डोक्यावर रूम हीटर लावून बसल्यासारखं.

मध्ये चकचकीत अॅल्युमिनियम फॉइल ताणून लावलं तर हेच १५० वॅट दहाच्या आत येतात. फॉइल किरण शोषतही नाही आणि सहज सोडतही नाही. पण दोन अटी. फॉइल आणि पत्रा यांच्यात हवेची फट हवी. चिकटवलं तर ते पत्र्याचाच भाग होऊन बसतं. आणि चकचकीत बाजू खालीही हवी, कारण वरच्या बाजूवर धूळ बसली की तिची चमक आणि गुण दोन्ही जातात. बाहेरून पांढरा रंग दिला तरी मोठा फरक पडतो. शोषण ६० टक्क्यांवरून २५ वर आलं तर पत्र्याचं तापमान उन्हात साधारण १५ अंशांनी उतरतं. अहमदाबादेत गरीब वस्त्यांच्या छपरांवर चुना आणि पांढरा रंग मारण्याची मोहीम याच तत्त्वावर चालवली गेली.

सांगाडा: जिथे सगळे फसतात

आता मुख्य मुद्दा. सोप्याला फॉल्स सीलिंग करून वर रॉकवूल टाकायचं, असा एक पर्याय आमच्याकडे पुढे आला आहे. कॅटलॉगमध्ये रॉकवूलची आर-व्हॅल्यू छापलेली असते. पण छप्पर म्हणजे नुसतं रॉकवूल नव्हे. मध्ये मध्ये सांगाडा असतो, आणि उष्णता पाण्यासारखी आहे. तिला सोपी वाट सापडली की ती तिकडूनच जाते.

आधी लाकडी सांगाडा घेऊ. ५० मि.मी. रुंद, १०० मि.मी. उंच कडी, दर ४५० मि.मी. वर एक. मध्ये १०० मि.मी. रॉकवूल, खाली प्लायवूड. रॉकवूलमधून जाणाऱ्या वाटेची यू-व्हॅल्यू ०.३६ येते. लाकडातून जाणाऱ्या वाटेची १.०. लाकडाने क्षेत्रफळ व्यापलं ११ टक्के. दोन्ही वाटा पॅरलल आहेत, म्हणून क्षेत्रफळाच्या प्रमाणात बेरीज करा. उत्तर येतं ०.४३. म्हणजे ११ टक्के लाकडातून एकूण उष्णतेचा चौथा भाग पळून जातो आणि कॅटलॉगच्या आकड्यापेक्षा गळती २० टक्क्यांनी वाढते. चालण्यासारखं आहे.

आता लोखंडी चॅनेल घ्या. १ मि.मी. जाड पत्र्याचा, त्याच अंतरावर. वाटतं, १ मि.मी. ने काय होणार? पण पोलादाची वाहकता ५०, रॉकवूलची ०.०४. भागाकार करा: १२५०. म्हणजे १ मि.मी. पोलाद सव्वा मीटर रुंद रॉकवूलएवढी उष्णता वाहून नेऊ शकतं! आणि आपण दोन चॅनेलमध्ये रॉकवूल भरलं आहे फक्त ४५ सेंटिमीटर. चॅनेलच्या वरच्या-खालच्या पट्ट्या आजूबाजूची उष्णता गोळा करून मधल्या पत्र्याला पोचवतात. प्रत्यक्षात अशा सांगाड्यात इन्सुलेशनचा निम्म्याच्या आसपास गुण वाया जातो. यालाच थर्मल ब्रिज म्हणतात. पैसे पूर्ण मोजायचे आणि काम निम्मं.

उपाय अवघड नाही. इन्सुलेशन सांगाड्याच्या मध्ये भरण्याऐवजी सांगाड्याच्या वरून किंवा खालून सलग अंथरायचं, म्हणजे पुलाला एक टोक तरी बंद. सलग थर शक्य नसेल तर लोखंड आणि सीलिंगच्या मध्ये लाकडी रिपेची किंवा थर्मोकोलची पट्टी द्यायची. हीच रीप जुने सुतार तुळईवर फळी ठोकताना वापरत, अर्थात वेगळ्या कारणासाठी.

घाम की गळती?

शीर्षकातला प्रश्न इथे येतो. थंडीत सकाळी आमच्या पत्र्याच्या खालून थेंब पडतात, विशेषतः जे-हूक बोल्टच्या खाली. भाताची पोती ओली होतात. मिस्त्री येतो, वर चढून बोल्टभोवती डांबर लावतो, पैसे घेतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा थेंब. कारण ते पाणी वरून आलेलंच नसतं.

आत १८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू १५.४ अंश येतो. बाहेर १२ अंश असताना पत्र्याची आतली बाजू १३.७ अंशांवर असते. निरभ्र रात्री छप्पर आकाशाकडे उष्णता सोडून त्याहूनही गार होतं. चुलीची वाफ, माणसांचे श्वास, ओली भांडी, सगळी वाफ वर जाते आणि या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. बोल्ट आणि पाईप थंडीचे पूल असल्याने थेंब तिथे आधी जमतात. पत्र्याखाली ५० मि.मी. थर्मोकोल असतं तर आतला पृष्ठभाग १७.६ अंशांवर राहिला असता आणि थेंब जमलेच नसते. पण त्या थर्मोकोलमधून बोल्ट आरपार गेला असेल, तर बोल्टाखालचा थेंब मात्र राहतो. सांगाड्याचा मुद्दा पुन्हा तोच.

ओळखायची खूण सोपी. पाऊस असताना पडतं ती गळती. पाऊस नसताना, निरभ्र थंड पहाटे पडतो तो घाम. गळतीला डांबर लागतं, घामाला इन्सुलेशन आणि हवा. आपल्या आईवडिलांना एवढं सांगितलं तरी मिस्त्रीचे दोन फेरे वाचतील.

गगनबावड्याची अट

परदेशी पुस्तकातलं डिझाइन उचलून आमच्याकडे बसवता येत नाही. तिकडे शत्रू थंडी, आमच्याकडे ओल. पावसाळ्यात आत-बाहेर तापमान जवळपास सारखंच, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न किरकोळ. पण तीन-चार महिने काहीही वाळत नाही. पाण्याची वाहकता ०.६, हवेच्या वीस पटींहून जास्त. ओलं झालेलं रॉकवूल म्हणजे भिजलेलं घोंगडं. वजन आहे, ऊब नाही. सोलापूरकडच्या माळवदाचा जाड मातीचा थर उन्हाळ्यात घर छान गार ठेवतो, पण तो आमच्या पावसात एक आठवडाही टिकणार नाही. प्रत्येक गावाचं छप्पर त्या गावच्या आभाळाने ठरवलेलं असतं.

जुन्या घरात ओलीवर एक औषध होतं: चूल. तिचा धूर आणि ऊब माळ्यातून कौलांच्या फटींवाटे बाहेर जायची. वासे काळेकुट्ट व्हायचे, पण सुके राहायचे आणि किडीपासून वाचायचे. डोळ्यांना आणि छातीला धूर वाईटच, त्यामुळे गॅस आला हे उत्तम झालं. पण छप्पर सुकवणारी व्यवस्था त्याबरोबर गेली, तिच्या जागी दुसरी द्यायला हवी. माळ्यावर इन्सुलेशन टाकलं की वरची पोकळी आणखी गार होते आणि घाम वाढतो. म्हणून दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वर जाळीची झरोकं हवीत, पावसाच्या झडीपासून आडोसा करून. स्वयंपाकघराची वाफ माळ्यात न सोडता पाईपने थेट बाहेर काढायची.

सामानाबद्दल. पिंजार स्वस्त, पण उंदीर, आग आणि बुरशी तिन्हींना आमंत्रण. भाताचं तूस त्याहून बरं. त्यात सिलिका असल्याने ते लवकर कुजत नाही. सुकं तूस प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या खताच्या रिकाम्या पोत्यांत घट्ट शिवून फळ्यांवर एकाला एक खेटून मांडायचं. मध्ये फट राहिली तर तोही थर्मल ब्रिजच. थर्मोकोल पाणी फारसं पीत नाही, पण पेट घेतं, म्हणून चुलीपासून लांब आणि वर फळी किंवा सिमेंट बोर्ड झाकून. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क. आणि कुणाच्या घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत.

मग ठरलं काय?

हिशोबाचा कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हे कॉलेजात शिकवलं, की आजीनं?” दोघांनीही, असं उत्तर दिलं. फळ्यांच्या गिऱ्हाइकाला नाही कळवलं आहे. पावसाआधी करायच्या कामाचा क्रम असा ठरला: आधी झरोकं, कारण ओल गेल्याशिवाय वर काही टाकणं म्हणजे कुजवणं. मग स्वयंपाकघराचा वाफेचा पाईप. मग माजघराच्या माळ्यावर तुसाची पोती. सोप्याला लोखंडी चॅनेलचं सीलिंग नाही. लाकडी रिपेवर फॉइल, आणि पैसे उरले तर पुढच्या वर्षी खालून सलग थर्मोकोल आणि बोर्ड. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग मेमध्ये, कोरडा असताना.

तुम्हीही सुट्टीत घरी गेलात की एक प्रयोग करा. दोन साधे थर्मामीटर घ्या. एक छपराखाली टांगा, एक खोलीच्या मध्यावर माणूस झोपतो त्या उंचीवर. दुपारी दोन, रात्री दहा आणि पहाटे पाच, आठवडाभर नोंद ठेवा. त्यातून घराचा आजार कळेल. मग कागदावर थर मांडा, अडथळे बेरजेत घ्या आणि सांगाडा विसरू नका. सेमिस्टरला हाच प्रश्न दहा मार्कांना येतो. घरी तो सोडवला तर मार्क नाहीत, पण म्हातारं माणूस रात्रभर नीट झोपतं.